गणितापासून सुरुवात

“खैरमोडे बाई, तुमचे तास बुडले तर कुणाचं काही अडत नाही, म्हणून तुमचं नाव कळवलंय,” फडतरे सर म्हणाले.

परिपाठ नुकताच संपला होता. मुलं ओळीनं वर्गात चालली होती, आणि आमचे मुख्याध्यापक हातातल्या परिपत्रकानं वारा घेत माझ्यासमोर उभे होते.

“कशाला कळवलंय?”

“समुपदेशनाला. प्रत्येक शाळेत एक समुपदेशक शिक्षक पाहिजे, असं वरून आलंय. मुलांच्या मनावर ताण असतो, शिक्षकांच्याही असतो. त्यांच्याशी बोलायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. साताऱ्याला प्रशिक्षण आहे. दुपारचं जेवण तिथंच.”

“सर, मी खो-खो शिकवते.”

“तेच तर म्हणतोय. गणित-इंग्रजीवाल्यांना पाठवलं तर दहावीचा पोर्शन मागं राहतो. तुम्ही जाऊन या.”

एवढं बोलून ते ऑफिसात गेलेसुद्धा. मी शिट्टी हातात धरून तिथंच उभी. राग असा आला होता की ती वाजवायचंही सुचेना.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता मी निवृत्त होऊन घरी बसलेय, पण फडतरे सरांचं ते वाक्य अजून पाठ आहे, कारण ते खरं होतं. आमची शाळा तालुक्याच्या गावातली. दहावीचा निकाल हाच आमचा देव. कुणाचा धडा राहिला, कुणाची उजळणी राहिली की खेळाचा तास मागून घ्यायचा, ही आमच्याकडची रीतच पडली होती. “बाई, आज तुमची पोरं जरा मला द्या हं,” म्हणत येणाऱ्यांत पहिला नंबर गणिताच्या अभंग सरांचा. यशवंत अभंग. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढायचे, तरी ते कंपासनं काढल्यासारखं गोल यायचं. मुलं त्यांना टरकून असायची आणि त्यांच्याच तासाला सगळ्यात जास्त शिकायची. मी मात्र त्यांच्यावर कायम चिडलेली असायची. माझ्या किती मॅचेस त्या माणसानं समीकरणांत घातल्या, त्याला गणती नाही.

तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी साताऱ्याला जाऊन आले. एका तरुण मुलीनं आम्हां चाळीस मास्तर-बायांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. माझ्या शेजारचे एक सर पाचच मिनिटांत घोरायला लागले. बाकी मला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे, पण दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. एक म्हणजे समोरचा बोलत असताना त्याला उपदेश करायचा नाही. मास्तर माणसाला उपदेश करू नको म्हणायचं म्हणजे माशाला पोहू नको म्हणायचं, पण ते असो. दुसरी म्हणजे त्यानं सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही. अपवाद एकच: माणसाच्या जिवाचा प्रश्न असला तर गप्प बसायचं नाही, घरच्यांना सांगायचं आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचं.

परत आले तर माझ्या खेळसाहित्याच्या खोलीचे दोन भाग झालेले. मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे लेझीम, डंबेल्स, भाल्याची काठी. पलीकडे समोरासमोर दोन खुर्च्या आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. दारावर निळ्या रंगात पाटी: ‘समुपदेशन कक्ष. सोमवार व गुरुवार, मधली सुट्टी.’

“रुमाल कशाला, सर?”

“कुणी रडलं तर,” फडतरे सर म्हणाले. “प्रशिक्षणात सांगितलं नाही का?”

खोलीचं दार मैदानाकडे. मधल्या सुट्टीत सगळी शाळा मैदानात. म्हणजे त्या दारातून आत जाणारा अख्ख्या शाळेला दिसणार. चार दिवसांत पोरांनी खोलीचं बारसं करून टाकलं, डोक्याचा दवाखाना. मग कोण कशाला येतंय? मी खुर्चीवर बसून माश्या मारायची आणि बाहेर माझी खो-खोची पोरं माझ्याशिवाय खेळायची.

दोन आठवड्यांनी फडतरे सरांनी फर्मान काढलं. प्रत्येक वर्गशिक्षकानं दर आठवड्याला दोन विद्यार्थी कक्षात पाठवायचे. सक्तीनं.

मराठीच्या शेलार बाई जेवणाच्या डब्यावरच हसत सुटल्या. “म्हणजे आता दुःखाचाही कोटा. कोटा भरला नाही तर आमचा पगार अडवणार का काय?”

वर्गशिक्षकांनी काय केलं? वर्गशिक्षक जे करतात तेच. हजेरीपट धरला आणि पहिले दोन नंबर पाठवून दिले. पुढच्या आठवड्यात तीन आणि चार. माझ्यासमोर एक गुबगुबीत पोरगं येऊन बसलं, सहावीतलं.

“काय रे, काही त्रास होतोय का तुला?”

“नाही बाई.”

“मग कसा काय आलास?”

“माझा नंबर आला.”

“बरं. घरी सगळं ठीक?”

“हो बाई. बाई, जाऊ का? मधली सुट्टी संपेल.”

असली पोरं मी ओळीनं पाहिली. काही जण तर डबा घेऊनच यायचे. सावलीत बसून खायला बरं, म्हणायचे. मीही त्यांच्यातलं लोणचं खायची. कक्षाचा उपयोग झाला तो एवढाच, असं मी तेव्हा उघड बोलून दाखवायची. फडतरे सरांना चेष्टा कळायची नाही, किंवा कळून ते दुर्लक्ष करायचे. तसा तो माणूस कामाला वाघ, पण कोरडा ठणठणीत. कुणाच्या पाठीवर हात ठेवलेला कधी पाहिला नाही. महिन्यातून एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की साताऱ्याला जायचे. शिक्षण खात्याच्या ऑफिसात काम असतं म्हणायचे. “साहेबाच्या पायावर डोकं ठेवायला जातात,” शेलार बाई म्हणायच्या, आणि आम्ही खुसुखुसू हसायचो.

मग एका बैठकीत त्यांनी नवंच काढलं. “परिपत्रकात विद्यार्थी आणि शिक्षक असं दोन्ही म्हटलंय. आपण शिक्षकांना विसरलो. आता विषयवार सुरुवात करू. पहिला विषय गणित. अभंग सर, तुम्ही सोमवारपासून कक्षात बसायचं.”

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. अभंग सरांचा चेहरा पांढरा पडला.

“मला काही झालेलं नाही, सर,” ते म्हणाले.

“झालंय असं कोण म्हणतंय? विषयवार आहे. गणितापासून सुरुवात.”

हसू का आलं ते सांगायला हवं. आदल्या वर्षी अभंग सर बोर्डाचे दहावीचे पेपर तपासत होते. नेहमीच तपासायचे, वर्षानुवर्षं. त्या वर्षी एका उत्तरपत्रिकेतल्या एका पानाचे गुण त्यांच्याकडून बेरजेत धरायचे राहिले. ज्या मुलीचा तो पेपर होता, ती नापास झाली. तिनं गुणपडताळणीचा अर्ज केला, तेव्हा चूक सापडली आणि ती पास झाली. बोर्डाकडून सरांना खुलासा मागवणारं पत्र आलं. गणिताच्या मास्तरची बेरीज चुकली, मग काय विचारता. आमच्या शिक्षकखोलीला चघळायला विषय मिळाला. “सर, पोळ्या मोजून घ्या, एखादी बेरजेत राहायची,” असं डबा खाताना म्हणायचे. अभंग सर थोडं हसून डबा झाकून ठेवायचे. वाईट मनाचं कुणी नव्हतं. चेष्टा म्हणजे चेष्टा, एवढंच सगळ्यांना वाटायचं.

सोमवारी ते आले. काखेत सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

“तुम्ही तुमचं काय लिहायचं ते लिहा,” खुर्चीवर बसत ते म्हणाले. “मी माझे पेपर तपासतो. दोघांचाही वेळ वाया जायला नको.”

“माझी ना नाही,” मी म्हटलं. मला तरी कुठं त्यांचं ऐकायची हौस होती?

ते तपासायला लागले. मी फुटबॉलचं ब्लॅडर ठीक करत बसले. असेच दोन-तीन सोमवार-गुरुवार गेले. गंमत म्हणजे नंतर ते न चुकता यायला लागले. खोली शांत होती, तिथं कुणी पोळ्या मोजायला सांगत नव्हतं, म्हणून असेल. पण मला हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. गठ्ठा पुढे सरकतच नव्हता. बाकी सगळ्यांचे सहामाहीचे निकाल लागून गेले होते, दहावीची मुलं गणिताच्या गुणांसाठी रोज विचारत होती, आणि सरांच्या हातात पेपर तोच. ते पहिल्या पानापासून गुण मिळवत जायचे, बेरीज लिहायचे, पान मिटायचे, परत उघडायचे, परत पहिल्यापासून. ओठ हलताना दिसायचे. एकदा त्यांनी एकच पेपर सबंध मधल्या सुट्टीत मिळवला. घंटा झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर तर डिसेंबरचा गारठा होता.

मला उपदेश करायची अशी उबळ आली म्हणून सांगू. पण प्रशिक्षणातली ती मुलगी आठवली आणि मी जीभ चावली.

वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या होत्या. मैदानावर ट्रॅक आखायचा म्हणजे दोन माणसं लागतात. एकानं मध्ये उभं राहून टेप धरायची, दुसऱ्यानं टेपच्या टोकाला फिरत फक्की टाकत जायचं. फक्की म्हणजे पांढरी पूड, रेषा आखायची. दरवर्षी मी नववीची पोरं घ्यायची. त्या वर्षी म्हटलं, बघू तरी.

“सर, माझे एवढे तास घेतलेत,” मी म्हटलं. “उद्या सकाळी परिपाठाच्या आधी एक तास मला द्या. ट्रॅकची वळणं काढायचीत. त्रिज्या चुकली की सगळं बोंबलतं.”

त्यांनी मान वर केली. “मला नका सांगू. माझी चुकेल.”

“चुकली तर पुसू.”

दुसऱ्या दिवशी ते आले खरे. मैदानावर दव होतं, शाळा उघडायला वेळ होता. मी त्यांना मध्ये खुंटीपाशी उभं केलं आणि टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं. मी फक्कीची पाटी घेऊन टेप ताणत चालायला लागले. चार पावलं टाकली नाहीत तोच, “थांबा, परत मोजू.” परत मोजलं. परत चालायला लागले. “थांबा बाई, एकदा बघतो.” तिसऱ्यांदा थांबवलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

“अहो सर, हे मैदान आहे, बोर्डाचा पेपर नाही. वीतभर इकडेतिकडे झालं म्हणून पोरं पळायची थांबत नाहीत.”

म्हणायला म्हटलं, आणि लगेच वाटलं, मेले, मीही पोळ्याच मोजायला लावल्या. सर टेप धरून तसेच उभे. मी टेपच्या दुसऱ्या टोकाला. आमच्यामध्ये एवढं अंतर की चेहरे नीट दिसत नव्हते. मला आजही वाटतं, समोरासमोर खुर्च्यांवर असतो तर ते कधीच बोलले नसते.

“त्या मुलीचं नाव मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“कुठल्या मुलीचं?”

“जिचं पान राहिलं. आम्हाला फक्त बैठक क्रमांक कळतो. तिनं गणितं छान सोडवली होती, बाई. शेवटचं उदाहरण तर माझ्याहून छोट्या रीतीनं सोडवलं होतं. मी शेजारी ‘उत्तम’ असं लिहिलंसुद्धा. आणि तेच पान मिळवलं नाही.”

“पण नंतर झाली ना ती पास.”

“झाली. पण निकाल लागला त्या दिवसापासून पडताळणी होईपर्यंत ती नापास होती. घरचे काय बोलले असतील? तिला मारलं असेल? तिनं स्वतःचं काही...” पुढचं त्यांना बोलवेना. “मला कोण सांगणार? बोर्डाला विचारता येत नाही. मी रोज रात्री त्या मुलीच्या घरी जातो. मनातल्या मनात. रोज तिथं काहीतरी नवीन वाईट झालेलं असतं.”

फक्की वाऱ्यानं माझ्या पायांवर उडत होती.

“आता कुठल्याच बेरजेवर विश्वास बसत नाही,” ते म्हणाले. “दाराला कुलूप लावलं की परत जाऊन बघतो. गॅस बघतो. वर्गात फळ्यावर उत्तर लिहितो आणि पुसून टाकतो. मुलं एकमेकांकडं बघतात. घरी बायको, शालन, म्हणते, तुम्हाला बाहेरचं काहीतरी लागलंय, नारळ उतरवू. बाई, कधी कधी मी साताऱ्याच्या रस्त्याला धरणापर्यंत जातो. तिथं भिंतीवर गाडी लावून उभा राहतो.”

“कशाला?”

उत्तराची गरजच नव्हती. टेप सोडून मी सरळ त्यांच्याकडं चालत गेले. जवळ गेल्यावर दिसलं, ते रडत नव्हते. रडले असते तर बरं झालं असतं.

“मी वहिनींना सांगणार,” मी म्हटलं.

“नका हो बाई. कक्षातलं बाहेर जात नाही, असं तुम्हीच म्हणता.”

“हे कक्षात बोलला नाहीत, मैदानात बोललात. आणि तसंही जिवाचं असलं तर मी गप्प बसणार नाही, तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा. साताऱ्याला मनाचे डॉक्टर आहेत. प्रशिक्षणात पत्ता दिलाय. शनिवारी शाळा सुटली की मी आणि वहिनी तुम्हाला घेऊन जाणार. तोवर रात्री-बेरात्री कुठं बाहेर पडायचं नाही, गाडीची किल्ली वहिनींकडं.”

त्यांनी हातातली टेप गुंडाळायला घेतली. “येतो,” शेवटी म्हणाले. “पण एक शब्द द्या. फडतरे सरांना कळता कामा नये. माझा गोपनीय अहवाल तेच लिहितात. वेड्याच्या डॉक्टरकडं जातो असं त्यांना कळलं तर दहावीचे वर्ग माझ्याकडून काढून घेतील. ते वर्ग गेले तर माझ्याकडं काही उरत नाही. मग नेऊनही उपयोग नाही.”

मी शब्द दिला. त्या माणसाचं जगणं त्या दहावीच्या फळ्यावर टेकलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. परिपाठाची घंटा झाली. ट्रॅकचं पहिलंच वळण अर्धवट राहिलं.

त्याच संध्याकाळी मी वहिनींना भेटले. त्या आधी रडल्या, मग माझ्यावर रागावल्या, मग उठून त्यांनी गाडीची किल्ली देव्हाऱ्यामागं ठेवली. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. सर वर्गात आहेत ना, हे बघायला मी उगीच दहावीच्या व्हरांड्यातून फेऱ्या मारायची. शेलार बाई म्हणाल्या, “काय गं, गणिताची गोडी लागली की काय तुला?” मी म्हटलं, “हो, म्हातारपणी दहावीला बसणार आहे.”

शनिवारी नेमका वहिनींच्या सासूबाईंना ताप चढला. दिवस पुढं ढकलू म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, मी एकटी नेते. गाव काय म्हणेल ते म्हणो. आम्ही एसटीनं गेलो. धरण आलं तेव्हा मी मुद्दाम सरांना क्रीडास्पर्धेच्या बक्षिसांचं काहीबाही विचारत बसले. ते खिडकीकडं पाठ करून उत्तरं देत राहिले.

दवाखाना एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना चढताना सर दोनदा थांबले. “इथं ओळखीचं कुणी असलं तर?” विचारलं. मी म्हटलं, “असलं तर तेही याच कामाला आलं असणार. चला.”

मी दार ढकललं. बाकावर फडतरे सर बसले होते.

वाटलं, संपलं सगळं. कुणीतरी चहाडी केली, आणि हा माणूस आम्हाला पकडायला इथपर्यंत आला. माझ्या मागं अभंग सर एक पायरी खाली उतरलेसुद्धा. मी न बघता हात मागं केला आणि त्यांची बाही धरली. सुटले असते तर ते परत कुठं गेले असते, ते मला माहीत होतं.

फडतरे सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. आम्हाला बघून दचकले ते तेच.

“सर, तुम्ही इथं?” मी म्हटलं. “कुणाला घेऊन आलात?”

“कुणाला नाही,” ते म्हणाले. “माझाच नंबर आहे.”

त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. “बसा, अभंग. बाई, बसा. डॉक्टर सगळ्यांना वेळ देतात, त्यामुळं उशीर होतो.”

अभंग सर बसले नाहीत. “सर, माझा गोपनीय अहवाल...”

“त्यात यासाठी रकाना नाही,” फडतरे सर म्हणाले. “आणि असता तरी आधी माझ्यासाठी भरायला लागला असता. दर महिन्याला येतो मी इथं. साताऱ्याला माझं काय काम असतं असं वाटत होतं तुम्हा लोकांना?”

मी पायांकडं बघितलं. शेलार बाईंच्या चेष्टेला मी किती हसले होते, ते आठवून तोंड वर करवेना.

“मला सुरुवातीलाच कुणी नाव घेऊन पाठवलं असतं ना,” ते पुढं म्हणाले, आणि बोलताना आमच्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघत होते, “तर मी बरीच वर्षं आधी आलो असतो. स्वतःहून जायची लाज वाटते. साहेबानं पाठवलं म्हटलं की माणूस सुटतो. म्हणून दोन-दोन नावं पाठवायला लावली. तुम्ही हसत होता ते कळत होतं मला. पण त्या ओळीत खरंच गरज असलेलं एखादं पोर असलं, तर ते बाकीच्यांत खपून जाईल असं वाटलं.”

अभंग सर अजून उभेच. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता.

“मग गणितच का?” त्यांनी विचारलं. “गणितानंतर दुसरा कुठला विषय आलाच नाही.”

फडतरे सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. परिपाठाला घसा न बसता पाऊण तास बोलणारा माणूस, पण त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता.

“दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी इथून परत चाललो होतो,” ते म्हणाले. “धरणाच्या भिंतीवर तुमची गाडी दिसली. तुम्ही कठड्याला टेकून उभे होता. मी माझी गाडी मागं थांबवली.”

अभंग सरांनी दाराची कडी घट्ट धरली.

“हाक मारावी की नको, कळेना. हाक मारली आणि दचकलात, तर? आणि मारून बोलणार काय? एवढी वर्षं इथं येतोय, पण दुसऱ्या माणसाशी हे कसं बोलायचं ते मला येत नाही. मला फक्त नोटीस काढता येते. तुम्ही गाडीला किक मारून निघेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग तुमच्या मागून तुमच्या घरापर्यंत आलो. तुम्ही आत गेलात, दिवा लागला, मग मी गेलो. सोमवारी कपाट उपसून ते परिपत्रक शोधून काढलं. वर्षभर पडून होतं ते.”

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि माझ्याकडं साधा रुमालही नव्हता. पदर तोंडाला लावून मी बसून राहिले. माझे तास बुडले तर कुणाचं काही अडत नाही, हे वाक्य मी इतके दिवस मनात धरून बसले होते. त्या सबंध काळात हा कोरडा माणूस एकट्यानं काय धरून बसला होता, त्याचा मला पत्ताही नव्हता.

आतून एक बाई आणि तिचा मुलगा बाहेर आले. कंपाउंडरनं वहीत बघून फडतरे सरांचं नाव पुकारलं.

“त्यांना आधी घ्या,” फडतरे सर बसल्या जागेवरून म्हणाले. “माझ्या नंबरवर. अभंग, यशवंत. मी थांबतो.”

कंपाउंडरला काही फरक पडत नव्हता. त्यानं आतलं दार उघडून धरलं. अभंग सरांनी बाहेरच्या दाराच्या कडीवरचा हात काढला. ते खोली ओलांडून गेले, आतल्या उंबऱ्याशी थांबले आणि मागं वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, वर्गात एखाद्या मुलाची रीत दुरुस्त करताना असायचा तसा.

“सर,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी दिसलो, तर हाक मारा.”

“मारीन,” फडतरे सर म्हणाले.

अभंग सर आत गेले, आणि कंपाउंडरनं दार लावून घेतलं.